अंगणातला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटते, भात कापून होते आणि गावोगावच्या जत्रा सुरू व्हायला अजून थोडे दिवस असतात. त्या मधल्या एका शनिवारी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणात आम्ही चौघे मित्र चादर ताणतो आणि हा एकच सिनेमा दाखवतो. दर वर्षी हाच. निरोप फिरला की फोन सुरू होतात, आणि प्रश्नही दर वर्षी तेच. यंदा ठरवले, एकदा बसून उत्तरे लिहून टाकायची. पुढच्या वेळी फोन न उचलता हे पाठवून द्यायचे.

सिनेमा कुठला? तो सैफ अली खानचा, गोव्यातला?

नव्हे. तो ‘गो गोवा गॉन’, २०१३चा, राज आणि डीके या जोडीचा. त्यात सैफ केस सोनेरी करून रशियन असल्याची बतावणी करतो. मजेदार आहे, पण त्यातल्या गोव्यात गोंयकार शोधावा लागतो. आमचा सिनेमा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. १९६८चा, अमेरिकन, कृष्णधवल, ९६ मिनिटांचा. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. त्याचा हा पहिलाच चित्रपट. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

गोष्ट काय?

बार्ब्रा आणि जॉनी ही भावंडे वडिलांच्या थडग्यावर पुष्पचक्र ठेवायला दूरच्या कबरस्तानात येतात. भाऊ बहिणीला भीती घालून चिडवतोय, आणि मागून एक माणूस झोकांड्या खात चालत येतोय. पुढच्या काही मिनिटांत बार्ब्रा एकटीच पळत सुटते आणि माळावरच्या एका घरात शिरते. मागोमाग बेन नावाचा तरुण येतो. तळघरात आधीच पाच जण लपलेले निघतात. बाहेर मेलेली माणसे जमू लागतात. रात्र काढायची आहे, बस्स.

शेवट विचारू नका. गेल्या वर्षी एका भाच्याने मध्यंतरात सगळ्यांना सांगून टाकला; त्याला यंदा चादर धुवायला लावणार आहे.

खरेच इतक्या कमी पैशांत केला होता?

पिट्सबर्गमध्ये रोमेरो आणि त्याचे दोस्त ‘लेटेंट इमेज’ नावाची छोटी कंपनी चालवत. जाहिराती करायच्या, मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी टॉन्सिलच्या ऑपरेशनवर छोटी फिल्म करायची, असली कामे. त्याला कंटाळून त्यांनी सिनेमा काढायचे ठरवले. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले, म्हणून नव्या कंपनीचे नाव ‘इमेज टेन’. सहा हजारांत काही होईना, मग आणखी ओळखीपाळखीच्यांकडून पैसे घेत घेत एकूण खर्च साधारण १ लाख १४ हजार डॉलरवर गेला. १९६७ साली डॉलर साडेसात रुपयांना होता. म्हणजे सुरुवातीची वर्गणी माणशी साडेचार हजार रुपये आणि अख्खा सिनेमा साडेआठ लाखांच्या घरात.

वर्गणी हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्या गावच्या उत्सवात जे नाटक होते त्यात मी वीस वर्षे प्रॉम्प्टर आहे, त्यातली आठ वर्षे प्रॉम्प्टर आणि रंगभूषाकार दोन्ही. खजिनदार हाच खलनायक असतो, कारण त्याचाच आवाज मोठा. मास्तरांच्या घरची खुर्ची सिंहासन होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्यांच्या ओटीवर जाते. हा सिनेमा अगदी तसाच झालाय. चिडखोर हॅरी कूपरचे काम करणारा कार्ल हार्डमन हा निर्मात्यांपैकी एक. त्याची बायको झालेली मेरिलिन ईस्टमन मेकअपही सांभाळायची, आणि झाडावरचा किडा पकडून तोंडात टाकणारी मेलेली बाईही तीच. तळघरात तापाने पडलेली मुलगी, कायरा शॉन, ही हार्डमनची खरी मुलगी. जॉनी झालेला रसेल स्ट्रायनर हाही निर्माता. सुरुवातीला कबरस्तानात झोकांड्या खात येणारे मढे झालेला बिल हिंझमन हाही त्यांच्यातलाच. टीव्हीवरचा वार्ताहर झालेला बिल कार्डिल पिट्सबर्गच्या टीव्हीवर रात्रीच्या भयपटांचा कार्यक्रम खरोखरच करायचा. तिथल्या लोकांना तो घरचाच चेहरा.

घरही मोडायला काढलेले होते, म्हणून मिळाले. एव्हान्स सिटी नावाच्या गावाजवळ. पाडायचेच आहे म्हटल्यावर भिंतीला खिळे ठोका, दारे फोडा, कोण विचारणार? पाण्याचा नळ मात्र नव्हता. त्या घराचे तळघर चित्रीकरणाच्या कामाचे नव्हते, म्हणून तळघरातले प्रसंग कंपनीच्या स्वतःच्या इमारतीखाली चित्रित केले.

मला सर्वांत आवडतो तो गाडीचा किस्सा. बार्ब्राची गाडी ही स्ट्रायनरच्या आईची. चित्रीकरण चालू असतानाच्या काळात कुणीतरी त्या गाडीला ठोकले आणि पोचा आला. आता पुढच्या दृश्यात तीच गाडी पोच्यासकट कशी दाखवायची? तर बार्ब्रा गाडी झाडावर घालते असे लिहून टाकले. आमच्या नाटकात राजाचा मुकुट ऐन वेळी हरवला होता तेव्हा आम्ही ‘महाराज आज शोकात आहेत’ असे वाक्य घातले होते. त्याला टाळ्याही पडल्या होत्या.

रक्त कसले वापरले?

चॉकलेटचे सरबत. बाटलीतले, दुधात घालायचे. कृष्णधवल चित्रात काळपट दाट काहीही चालते. मढी जे चघळताना दिसतात ते भाजलेले डुकराचे मांस आणि जनावरांची आतडी. मंडळींपैकी एकाचा मांसविक्रीचा धंदा होता, त्याच्याकडून आलेली. जखमांसाठी प्रेत सजवणारे वापरतात ते मेण. कपडे नटांचे स्वतःचे किंवा जुन्या कपड्यांच्या दुकानातले.

आमच्याकडे दशावताराला किंवा उत्सवाच्या नाटकाला बसलेला माणूस हे सगळे बघून नाक मुरडत नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडात काय चालते आणि काय चालत नाही हे त्याला माहीत असते.

कृष्णधवल का? पैसे नव्हते म्हणून?

हो, पैसे नव्हते म्हणून. पण बघा काय झाले. त्या काळी बहुतेक घरांत टीव्हीच्या बातम्या कृष्णधवलच दिसत, आणि या सिनेमात पात्रे सतत रेडिओ आणि टीव्हीला चिकटलेली आहेत. त्यामुळे सिनेमाच बातमीसारखा वाटतो. १९८० च्या दशकात त्याला रंग चढवायचा प्रयत्न झाला. ती आवृत्ती आम्ही दाखवत नाही. शेवटची दोनतीन मिनिटे वर्तमानपत्रातल्या दाणेदार फोटोंसारखी येतात, ती रंगात बघायची कल्पनाच करवत नाही.

झोंबी म्हणजे आपले भूतच ना?

हा प्रश्न आमच्या शेजारच्या आजी दर वर्षी विचारतात आणि मी दर वर्षी वेगळे उत्तर देतो. यंदाचे असे.

आपल्याकडचे भूत हे शेजारी असते. त्याला नाव असते, झाड असते, हद्द असते. मुंजा पिंपळावर. देवचार रानाच्या आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने, त्याची वाट ठरलेली. राखणदार गावच्या सीमेवर. आमोणे, लोलये इथे तर बेताळ हा चक्क देव आहे. लोलयेची त्याची उभी नग्न मूर्ती बघितली नसेल तर एकदा जाऊन या. सासष्टीतल्या बेताळभाटी गावाचे नावही त्याच्यावरूनच आले असे सांगतात. या सगळ्यांशी बोलता येते. गाऱ्हाणे घालता येते. रोट द्या, विडी ठेवा, थोडा सोरो, म्हणजे दारू, शिंपडा. तो रागावतो, पण समजूतही काढून घेतो. माझी आजी रानात चुकलेल्या गुरासाठी राखणदाराला सांगायची, आणि ते दुसऱ्या दिवशी गोठ्यात आले की त्यात नवल काही नाही अशा चेहऱ्याने त्याची विडी पोचवून यायची.

झोंबी हा शब्द मूळ हैतीकडचा. तिथला झोंबी म्हणजे मांत्रिकाने उठवून राबायला लावलेले प्रेत. मेल्यावरही गुलामगिरी सुटत नाही ही ज्या बेटावर माणसे ऊस तोडायला जहाजातून आणली गेली तिथली भीती. जुन्या हॉलिवूडमध्ये झोंबी आला तो तसाच, मालकाच्या हुकुमावर चालणारा. रोमेरोने मालकच काढून टाकला. त्याच्या मढ्यांना कुणी उठवलेले नाही, कुणी पाठवलेले नाही. शुक्राकडून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गाबद्दल टीव्हीवर काहीबाही बोलतात, पण पात्रांनाही त्यातून काही कळत नाही. कल्पनेचे बीज रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५४च्या कादंबरीत होते हे रोमेरोने स्वतः मान्य केले आहे. तिथे रक्तपिपासू होते, इथे नुसती माणसे. शेजारीपाजारी, कुणी झग्यात, कुणी कोटात, कुणी नागडे. त्यांना विडी नको, रोट नको. काही मागतच नाहीत, मग देणार काय?

गंमत म्हणजे अख्ख्या सिनेमात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही येत नाही. त्यांना ‘घूल’ म्हणतात, म्हणजे अरबी गोष्टींतला प्रेतभक्षक.

आता ज्याला मी खरी भीती म्हणतो ती सांगतो. मढी तर हळू चालतात. आगीला घाबरतात. डोक्यावर फटका बसला की पडतात. म्हाताऱ्या माणसालाही चुकवता येतील अशी. पण आत सात माणसे आहेत आणि त्यांचे एकमत होत नाही. बेन म्हणतो वर राहू, दारे-खिडक्या ठोकू, पळायला वाट असू दे. हॅरी म्हणतो तळघरात जाऊ आणि आतून कडी लावू. दोघांच्याही म्हणण्यात थोडे खरे आहे आणि दोघेही मागे हटत नाहीत. या सिनेमाचे चित्रीकरण झाले त्याच १९६७ साली जानेवारीत आपल्याकडे जनमत कौल झाला, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावर. ज्यांची घरे त्या वर्षी जेवणाच्या पाटावर दोन बाजूंना वाटली गेली त्यांना हॅरी आणि बेनचे भांडण समजावून सांगावे लागत नाही. आमच्या दोन काकांपैकी एकाने एकदा पडद्याकडे बोट दाखवून म्हटले होते, “अरे, हे आमचेच घर.” कुठला काका कुठल्या बाजूला होता हे इथे लिहीत नाही, दोघेही अजून शनिवारी येतात.

मेंदू खातात ना ते?

या सिनेमात नाही. मेंदूचे खूळ १९८५च्या ‘द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’मधले, आणि तो रोमेरोचा नव्हे.

नायक कृष्णवर्णीय आहे, ते मुद्दाम का?

रोमेरो आयुष्यभर सांगत राहिला की मुद्दाम नाही. ड्वेन जोन्सची चाचणी सगळ्यांत चांगली झाली म्हणून त्याला घेतले. बेन कुठल्या वंशाचा हे संहितेत लिहिलेलेच नव्हते. मूळ लिहिलेला बेन जरा रांगडा ट्रकवाला होता. जोन्स शिकलेला, रंगभूमीवरचा माणूस, त्याने स्वतःची भाषा आणि वागणे त्यात आणले. कुणी त्याच्या रंगाबद्दल सिनेमाभर एक शब्द बोलत नाही. १९६८ मध्ये ते न बोलणेच मोठे होते.

पण इरादा नसला तरी काळ कुणाला सोडतो? सिनेमा तयार झाला आणि त्याची प्रत गाडीच्या डिकीत टाकून मंडळी वितरक शोधायला न्यूयॉर्ककडे निघाली. त्याच रात्री रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी आली. तारीख ४ एप्रिल १९६८. सिनेमाचा शेवट बघितलेल्याला ही गोष्ट सांगितली की तो थोडा वेळ गप्प बसतो. बघितला नसेल तर आता गप्प मी बसतो.

वितरकांपैकी काहींना हा शेवट नको होता. कोलंबिया आणि अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स यांनी तो मऊ करायला, बदलायला सांगितले असे म्हणतात. मंडळींनी नकार दिला. हातात दमडी नसताना शेवट न बदलणे याला मी धाडस म्हणतो, बाकीचे वेडेपणा म्हणतात.

फुकट कसा काय मिळतो? पायरसी तर नाही ना?

नाही हो. हा घोळ ऐकण्यासारखा आहे. सिनेमाचे आधीचे नाव होते ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. त्याच्याशी मिळतेजुळते नाव असलेला दुसरा सिनेमा होता, म्हणून वितरक वॉल्टर रीड ऑर्गनायझेशनने नाव बदलले. नव्या नावाची पाटी बनवताना जुन्या पाटीवरचे कॉपीराइटचे चिन्ह आणि ओळ घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसेल तर हक्कच नाही. झाले. सिनेमा अमेरिकेत पहिल्या दिवसापासून सार्वजनिक मालकीचा. कुणीही प्रती काढाव्या, टीव्हीवर दाखवावा, व्हिडिओ कॅसेट विकावी. कमाई कोट्यवधींची झाली, पण ज्यांनी ६०० डॉलर घातले होते त्यांच्या हाती त्यातला फार थोडा वाटा आला.

दुसरी बाजू अशी की फुकट म्हणूनच तो सर्वत्र पोचला. रात्री उशिराचे खेळ, स्वस्त टीव्ही वाहिन्या, नंतर इंटरनेट आर्काइव्ह. राखणदार नसलेल्या आंब्यासारखे, येणारा-जाणारा दगड मारून गेला, आणि कोयी तालुकाभर रुजल्या.

पूर्वी आम्ही दाखवायचो ती प्रत इतकी मळलेली होती की अर्धा वेळ मढे कुठले आणि झाड कुठले कळायचे नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मूळ निगेटिव्हवरून सिनेमा नव्याने दुरुस्त केला, तो २०१६ मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. निवडक सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने त्याची डिस्क २०१८ मध्ये काढली. आमच्यातल्या एकाने ती आणली आहे. पहिल्यांदा लावली तेव्हा गवताचे पाते न् पाते दिसले. आजी म्हणाल्या, “पूर्वीचेच बरे होते, जास्त भीती वाटायची.”

याला ‘कल्ट’ सिनेमा म्हणतात, म्हणजे नेमके काय?

पहिल्या खेळाला नाके मुरडली गेली आणि वीस वर्षांनंतरही कुणीतरी पन्नासाव्यांदा बघतोय, असा सिनेमा. हा १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात लागला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचे नाव गेले, म्हणजे सरकारने जपून ठेवायच्या चित्रपटांत. चॉकलेटच्या रक्तासकट.

मुलांना आणले तर चालेल?

बारा वर्षांखालची नकोत. १९६८ मध्ये अमेरिकेत वयाप्रमाणे प्रमाणपत्रे द्यायची पद्धत १ नोव्हेंबरला सुरू झाली, आणि हा त्याआधी महिनाभर लागला होता. दुपारच्या खेळांना लहान मुले राक्षसाचा सिनेमा म्हणून खुशाल बसवली जायची. शिकागोचे समीक्षक रॉजर इबर्ट यांनी अशा एका खेळाचे वर्णन लिहिले आहे: सुरुवातीला किंचाळून मजा घेणारी मुले पुढे पुढे एकदम शांत होतात, काही रडू लागतात. राक्षस मरतो आणि सगळे ठीक होते हा करार त्यांच्याशी कुणी पाळलेला नसतो. आमच्याकडे एकदा एक सात वर्षांची मुलगी चुकून शेवटपर्यंत बसली. महिनाभर तिच्या आईला तळघर नसलेल्या घरात तळघर आहे का ते रोज दाखवावे लागले.

इंग्रजी कळत नाही. मग?

मराठी सबटायटल आहेत, मी आणि माझ्या मेहुणीने केलेली. ‘घूल’ला काय लिहायचे यावर आम्ही तीन दिवस भांडलो. ‘पिशाच्च’ लिहिले की पुराणातले वाटते, ‘झोंबी’ लिहायचे तर मूळ पात्रे तो शब्द बोलत नाहीत. शेवटी ‘मढी’ ठेवले. नावाचे भाषांतर तिने केले: ‘जित्या मड्यांची रात’. कोकणी-मराठी मिसळलेले आहे, पण अंगणात चालते.

मराठीत असा सिनेमा आहे का?

आहे. ‘झोंबिवली’, २०२२चा, आदित्य सरपोतदार यांचा. डोंबिवलीत घडतो, पाण्याच्या बाटल्या आणि झोपडपट्टी-टॉवर यांच्या भांडणासकट. तोही एकदा लावा असे दर वर्षी कुणीतरी म्हणते. लावू. वेगळ्या शनिवारी.

मला तर हसू आले. काही चुकतेय का?

नाही. बार्ब्राचे सोफ्यावर बसून राहणे अनेकांना हास्यास्पद वाटते आणि मलाही पहिल्यांदा वाटले. शिवाय पार्श्वसंगीत तयार संग्रहातून उचलून लावलेले आहे, काही ठिकाणी ते ओरडून ओरडून सांगते की घाबरा. हसा. तळघराचे दार उघडेल तेव्हा बघू.

काय आणायचे?

चटई. डासांसाठी काहीतरी. चहा, भजी आणि उंडे (आमच्याकडचे पाव) आमच्याकडून. मांसाहार त्या रात्री ठेवत नाही, त्यामागे धर्म नाही, अनुभव आहे.

पाऊस आला तर?

ओटीवर बसू. आधी प्रोजेक्टर आत जाईल, मग माणसे. वर बसायचे की मागच्या खोलीत, यावर कृपया वाद घालू नये.

रात्री घरी सोडायला कुणी आहे का?

दोन दुचाक्या आहेत. कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, ओलांडून व्हाळाच्या साकवापर्यंत सोडतील. त्यापुढची हद्द राखणदाराची. विडी आमच्याकडे मिळेल.